तीन मोठे डबे आणि ३० मि.ली.चा कप

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी प्रोटीन पावडरचे दोन-दोन किलोचे तीन डबे घरात आणून ठेवले. दोन चॉकलेट, एक व्हॅनिला. तीन एकदम घेतले की सूट होती आणि पुढे रोज लागणारच आहे, मग थांबायचं कशाला, असा माझा साधा हिशोब. ते पिणारं पोट वेगळं असणार आहे, आणि जीभही, हे काही त्या हिशोबात आलं नाही.

आता ऑपरेशनला आठ महिने झाले. माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी झाली. म्हणजे जठराचा साधारण ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेल्याची अरुंद नळी करतात. जठराचा बायपास झालेल्यांचं, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडलेल्यांचं, काही बाबतींत वेगळं असतं, ते ओघात येईल. मी डॉक्टर नाही. माझ्याकडे एक वही आहे, तिच्यात पहिले दोन महिने मी रोज दोनच आकडे लिहिले: पाणी किती गेलं आणि प्रोटीन किती ग्रॅम गेलं. हे सगळं त्या वहीवरून लिहितेय, कारण पाचव्या दिवशी रात्री अडीच वाजता मी फोनवर असंच काहीतरी शोधत होते आणि सापडत होत्या त्या फक्त व्यायामशाळेतल्या मुलांच्या गप्पा.

ऑपरेशन ठरल्यापासून होईपर्यंत अकरा आठवडे गेले. रक्त, सोनोग्राफी, एन्डोस्कोपी, हृदयाची तपासणी, भूलतज्ज्ञांची भेट, मानसोपचारतज्ज्ञांशी एक लांबलचक गप्पा आणि डाएटिशियन मॅडमबरोबर दोन बैठका. प्रत्येक ठिकाणाहून सहीशिक्क्याचा कागद आणायचा आणि फाइलला लावायचा. संमतीपत्रावर ‘जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतील याची मला कल्पना आहे’ अशी ओळ होती. तिथे मी सही करताना क्षणभर थांबले, बाकी सगळीकडे भराभर केल्या.

मॅडमनी चार पानांचा तक्ता दिला. पहिले एक-दोन दिवस पारदर्शक पातळ पदार्थ, मग दोन आठवड्यांपर्यंत सगळे पातळ पदार्थ, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, त्यानंतर मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू नेहमीचं जेवण. दुसऱ्या टप्प्यापासून प्रत्येक पानाच्या खाली एकच ओळ: प्रोटीन ६० ते ८० ग्रॅम.

मी विचारलं, “मॅडम, एवढं कशाला? मी तर काहीच हालचाल करणार नाहीये.”

“सुरुवातीला दिवसाला पाचशे-सहाशे कॅलरीसुद्धा तुमच्या पोटात जाणार नाहीत. उरलेली ऊर्जा शरीर स्वतःतूनच काढणार. चरबीतून काढेलच, पण प्रोटीन कमी पडलं तर स्नायूंतूनही काढेल. आणि वजनकाट्याला त्यातला फरक कळत नाही.”

हे शेवटचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. दिवसाला किमान ६० ग्रॅम आणि आदर्श वजनाच्या प्रत्येक किलोमागे जास्तीत जास्त दीड ग्रॅम, अशा मापात प्रत्येकाचा आकडा ठरतो. माझा ७० ठरला. तुमचा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या, विशेषतः मूत्रपिंडाचा त्रास असेल तर. तिथे हिशोब पूर्ण बदलतो.

ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे कमी कॅलरीचा, बराचसा पातळ आहार होता. त्याने यकृत आकसतं आणि सर्जनना जठरापर्यंत नीट पोचता येतं. त्या दोन आठवड्यांत मी दिवसातून तीनदा चॉकलेट शेक प्यायले आणि मला तो चक्क आवडला. तीन डब्यांचं मूळ हेच.

ऑपरेशन सोमवारी झालं. मंगळवारी सकाळी सिस्टरनी औषधाच्या बाटलीवर असतो तसा एक छोटा प्लास्टिकचा कप हातात दिला. ३० मि.ली.चा. “एक घोट घ्या, गिळा, थांबा. कप संपवायला दहा मिनिटं.” मला वाटलं, त्यात काय. तिसऱ्या घोटाला छातीच्या मधोमध अडकल्यासारखं झालं आणि पुढचा कप मी खरोखरच दहा मिनिटं पुरवला. खाटेवर पडल्यापडल्या गणित केलं: दिवसाला दीड लीटर पाणी म्हणजे असे ५० कप, दर दहा मिनिटांना एक धरला तर ५०० मिनिटं. आठ तास वीस मिनिटं नुसतं पाणी. त्यात प्रोटीन कधी प्यायचं?

उत्तर मला नंतर कळलं. पाण्यात कालवलेलं प्रोटीन पाण्याच्या हिशोबातही धरतात. हे कोणी त्याच वेळी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवारी घरी सोडलं. शुक्रवारी, म्हणजे चौथ्या दिवशी, व्हॅनिलाचा डबा उघडला. आतल्या निळ्या चमच्याने मोजून पावडर शेकरमध्ये घातली, थंड पाणी ओतलं, जोरजोरात हलवलं आणि टोपण काढलं. नव्या बाहुलीच्या केसांना जसा वास येतो, तसा वास आला. मला ढवळून आलं. तरी दोन घोट घेतले. वर फेस होता, तोही पोटात गेला, आणि पाच मिनिटांत बरगड्यांखाली अशी कळ आली की मी खुर्चीचे हात धरून बसले. नवरा घाबरून डाएटिशियन मॅडमना फोन लावत होता. त्या शांतपणे म्हणाल्या, “हवा गिळली आहे त्यांनी. शेक हलवला की दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवायचा, फेस बसू द्यायचा. आणि आज आधी पाणी पूर्ण करा. प्रोटीनचं उद्या बघू.”

आधी पाणी, मग प्रोटीन. पहिल्या आठवड्यात हा क्रम लक्षात ठेवा, कारण त्या दिवसांत परत दवाखान्यात जायची वेळ येते ती बऱ्याचदा शरीरातलं पाणी कमी झाल्याने. फेसाचं म्हणाल तर मी पुढे शेकर वापरणंच बंद केलं. पेल्यात थोड्याशा पाण्यात पावडरची पेस्ट करायची, मग चमच्याने ढवळत उरलेलं पाणी घालायचं. दोन मिनिटं जास्त लागतात, पण कळ येत नाही. स्ट्रॉनेही हवा जाते म्हणून आमच्याकडे तिला मनाई होती.

शनिवारी चॉकलेट उघडलं. आधी आवडलेलं तेच चॉकलेट आता पाकात बुडवल्यासारखं गोड लागलं आणि मागे तोंडात लोखंडी चव राहिली. ऑपरेशननंतर अनेकांची चव आणि वास बदलतो हे तक्त्याच्या चौथ्या पानावर तळाला बारीक अक्षरात होतं. मी ते वाचलंही होतं, पण ते इतरांबद्दल आहे असं समजून.

वहीतल्या नोंदी अशा आहेत: चौथा दिवस ९ ग्रॅम. पाचवा १४. सहावा २२. पाचव्या रात्री मी रडले. भूक नव्हती, दुखतही फारसं नव्हतं. नुसता आकडा गाठता येत नाही म्हणून, शाळेत नापास झाल्यासारखी. मॅडमना नंतर हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की पहिल्या आठवड्यात ७० गाठणारे फार थोडे, रोज थोडं वाढतंय ना एवढंच पाहायचं.

सातव्या दिवशी नवऱ्याने सात वेगवेगळ्या जातींची एका-एका वेळेची पाकिटं आणली. मी किमती पाहिल्या आणि ओरडले. ग्रॅममागे हिशोब केला तर मोठ्या डब्याच्या जवळजवळ दुप्पट. पण कपाटातले सहा किलो समोर दिसत होतेच, त्यामुळे माझा आवाज लगेच खाली आला. त्यांच्यातून पाच जाती पहिल्या दोन घोटांत बाद झाल्या. त्या पाचांचे मोठे डबे आणले असते तर काय झालं असतं, याचा हिशोब मी केला नाही.

चाखायची पद्धत अशी ठरवली. दिवसाला एकच नवी जात, पाकिटाचा चौथा हिस्सा, ५० मि.ली. गार पाण्यात, सकाळी. गार असलं की वास कमी येतो. वहीत तीन रकाने: वास, तोंडात कसं लागलं, दोन तासांनी पोट काय म्हणतं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा निघाला.

कारण आठव्या दिवशी एक जात चवीला छान लागली, मी खुश होऊन दिवसभर तीच प्यायले आणि संध्याकाळी पोट ढोलासारखं झालं. गुरगुर, वारा, दोनदा धावपळ. लेबल वाचायला मी त्या दिवशी शिकले. तोपर्यंत पुढच्या बाजूचा मोठा आकडा पाहत होते, आता डबा उलटा करून मागचं वाचायला लागले.

दुधाच्या निवळीपासून, म्हणजे दूध फाटल्यावर जे पाणी सुटतं त्यापासून, करतात ते व्हे प्रोटीन. त्याचा कॉन्सन्ट्रेट हा प्रकार स्वस्त, पण त्यात दुधातली साखर, लॅक्टोज, बऱ्यापैकी शिल्लक असते. आयसोलेटमध्ये आणखी गाळून मूळ पावडरीत ९० टक्के किंवा जास्त प्रोटीन ठेवतात आणि लॅक्टोज जवळजवळ जातं. हायड्रोलायझेट म्हणजे प्रोटीनच्या साखळ्या आधीच तोडलेल्या. पचायला सोपं, पण कडसर आणि महाग. मला आयुष्यात कधी दुधाचा त्रास झाला नव्हता. ऑपरेशननंतर, बायपासवाल्यांना तर विशेष, तो नव्याने सुरू होऊ शकतो. माझ्या ‘छान’ जातीवर पुढे आयसोलेट असं मोठ्या अक्षरांत होतं, पण घटकांच्या यादीत पहिलं नाव कॉन्सन्ट्रेटचं होतं आणि आयसोलेट तिसरं. यादीत जे जास्त असतं ते आधी लिहितात. एवढं कळलं तरी अर्धं काम होतं.

धावपळीचं दुसरं कारण खालच्या ओळीत सापडलं: माल्टिटॉल. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल अशी ‘टॉल’ने संपणारी बरीचशी गोडी आतड्यात पूर्ण शोषली जात नाही आणि मग वायू, जुलाब. ‘साखरविरहित’ असं लिहिलेल्या पेयांत आणि बारमध्ये ही हमखास भेटतात.

आता गणित. एका मापात किती ग्रॅम प्रोटीन हे सगळे सांगतात, पण माप केवढं ते बारीक अक्षरात असतं. प्रोटीनचे ग्रॅम भागिले मापाचे ग्रॅम, गुणिले शंभर. माझ्याकडच्या व्हॅनिलाच्या ३३ ग्रॅमच्या मापात २४ ग्रॅम, म्हणजे ७३ टक्के. पुढे मला मानवलेल्या जातीत ३० ग्रॅमला २५, म्हणजे ८३ टक्के. आणि भाच्याने प्रेमाने आणून दिलेल्या डब्यात ७५ ग्रॅमच्या भल्यामोठ्या मापात २० ग्रॅम, म्हणजे २७ टक्के. उरलेला बहुतेक पिष्टमय पदार्थ आणि साखर. तो वजन वाढवण्याचा डबा होता. “मावशी, प्रोटीन म्हणजे प्रोटीन, त्यात काय एवढं?” असं तो म्हणाला होता. आम्ही दोघं हसलो आणि मला टाक्यांवर उशी धरावी लागली.

शिवाय डब्यातल्या चमच्यावर फार विश्वास ठेवू नका. पावडर दाबून भरली की एक वजन, भुसभुशीत भरली की दुसरं. मी स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर मोजलं तर तोच चमचा कधी २७ ग्रॅम, कधी ३६. तेव्हापासून काटाच.

एक फसवणूक तर मी जवळजवळ महिनाभर पुरवली असती. दहाव्या दिवशी रसासारखं पारदर्शक, आंबटगोड ‘प्रोटीन पाणी’ मिळालं. एका बाटलीत १५ ग्रॅम. वास नाही, फेस नाही, दुधाळ तोंड नाही. मला वाटलं, सुटले. दोन बाटल्या प्यायले, वहीत ३० लिहिले, मॅडमना लेबलचा फोटो पाठवला. उत्तर आलं: “हे कोलॅजेन आहे. यातले ग्रॅम ७० मध्ये धरू नका.” शरीराला जी नऊ अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनचे घटक, अन्नातूनच मिळावी लागतात, त्यांतलं ट्रिप्टोफॅन कोलॅजेनमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांतल्या प्रोटीनमध्ये, नसतंच. त्यामुळे प्रोटीनचा दर्जा मोजण्याच्या पद्धतीत एकट्या कोलॅजेनला शून्य गुण मिळतात. मी ३० खोडून ० लिहिले. त्या दिवसाचं पान अजून तसंच आहे, पेन इतक्या जोरात ओढलंय की मागच्या पानावर वण उठलाय. पारदर्शक पेयं वाईट असतात असं नाही. व्हे आयसोलेटची पारदर्शक पेयंही मिळतात आणि उन्हाळ्यात मला तीच जास्त जातात. फक्त घटकांत नाव काय आहे ते वाचा.

याच धर्तीवर आणखी एक. प्रयोगशाळेत प्रोटीन बहुधा थेट मोजत नाहीत, त्यातला नायट्रोजन मोजून ६.२५ ने (दुधाच्या प्रोटीनला ६.३८ ने) गुणतात. म्हणून काही जण ग्लायसीन, टॉरीन असे नायट्रोजन असलेले स्वस्त पदार्थ मिसळून आकडा फुगवतात. घटकांच्या यादीत ही नावं वेगळी लिहिलेली दिसली की मी तो डबा परत ठेवते. त्रयस्थ प्रयोगशाळेत तपासल्याचा शिक्का असेल तर थोडी जास्त किंमत द्यायला माझी ना नाही.

दूध नकोच असणाऱ्यांसाठी थोडक्यात: सोया एकटंच पुरेसं आहे, त्यात आवश्यक नऊही अमिनो आम्लं बऱ्या प्रमाणात आहेत. वाटाण्यात मेथिओनीन कमी, तांदळात लायसीन कमी, म्हणून त्यांची मिश्रणं करतात. मी वाटाण्याचं घेऊन पाहिलं, तोंडात ओल्या खडूसारखं लागलं. पण माझ्या ताईला तेच आवडतं, तेव्हा माझ्या जिभेवर जाऊ नका.

गोडाचा कंटाळा हा स्वतंत्र विषय. बाराव्या दिवसापर्यंत मला गोड या शब्दाचीच शिसारी आली होती. तेव्हा बिनचवीची, बिनगोडाची आयसोलेट पावडर आणली आणि भाज्यांच्या गाळलेल्या गरम सूपमध्ये सरळ एक माप टाकलं. डोळ्यांदेखत गुठळ्या झाल्या, उकळत्या पाण्यात अंड्याचं पांढरं सोडावं तशा. साधारण ७० अंशांच्या पुढे व्हेची घडी मोडते आणि ते गोळा होतं. त्यातलं पोषण कमी होत नाही, पण त्या गुठळ्या माझ्या नळीतून उतरणं शक्य नव्हतं. गाळून फेकून दिलं. दुसऱ्या दिवशी सूप पिण्याइतकं कोमट होऊ दिलं, वेगळ्या वाटीत दोन चमचे गार पाण्यात पावडर कालवली आणि ढवळत ढवळत घातली. मीठ, मिरपूड. बारा दिवसांत पहिल्यांदा मी काहीतरी जेवलेय असं वाटलं. त्या दिवशीचा आकडा ४८. वहीत बाजूला नवऱ्याने चांदणी काढलीय.

पंधराव्या दिवसापर्यंत घडी बसली. सकाळी आयसोलेटचा २०० मि.ली.चा पेला, त्यात २५ ग्रॅम. सुरुवातीला तो संपवायला सव्वा तास लागायचा. दुपारी अर्धं माप घातलेलं सूप. संध्याकाळी तयार बाटली, मॅडमनी ठरवून दिलेली, ३३० मि.ली.ला ३० ग्रॅमची. ती कधीच एका बैठकीत संपली नाही, फ्रिजमध्ये ठेवून तीन हप्त्यांत. कालवलेला किंवा उघडलेला शेक दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचा नाही.

तयार बाटल्यांचं सांगायचं तर त्या ग्रॅममागे पावडरपेक्षा खूप महाग पडतात, आणि डॉक्टरांच्या फेरतपासणीच्या दिवशी तीन तास बाकावर बसायचं असतं तेव्हा त्या वाचवतात. घरात पावडर, पिशवीत बाटली, असं मी ठरवलं. तुलना करताना डब्याची किंमत बघू नका. डब्यात एकूण किती माप आहेत गुणिले मापातलं प्रोटीन, आणि त्याने किमतीला भागा. माझा ‘महाग’ आयसोलेट या हिशोबात सूट मिळालेल्या व्हॅनिलापेक्षा थोडासाच महाग निघाला.

आणि हो, विमा. दवाखान्याच्या बिलाबरोबर मी पहिल्या महिन्याच्या पावडरींच्या पावत्याही जोडल्या होत्या, डाएटिशियनच्या चिठ्ठीसह. पाच आठवड्यांनी उत्तर आलं: हा खाद्यपदार्थ आहे, औषध नाही, सबब नामंजूर. मी सर्जनच्या सहीचं पत्र जोडून पुन्हा अर्ज केला. पुन्हा नामंजूर, तोच मजकूर, फक्त तारीख वेगळी. तिसऱ्यांदा केला नाही. तुम्ही ऑपरेशनच्या खर्चाचा अंदाज बांधत असाल तर किमान तीन महिन्यांच्या प्रोटीनचा खर्च आपल्या खिशातून धरा, आणि विमा कंपनीला हे आधीच लेखी विचारून ठेवा.

तिसऱ्या आठवड्याच्या फेरतपासणीला माझ्या शेजारच्या खाटेवर असलेल्या काकू भेटल्या. त्यांचा बायपास. त्यांनी घरात सहज मिळालेलं एक गोड दुधाळ पेय प्रोटीन म्हणून घेतलं होतं. वीस मिनिटांत छातीत धडधड, दरदरून घाम, पोटात मुरडा, आणि मग तासभर अंथरुणावर. “मला वाटलं गं आता संपलं सगळं,” त्या म्हणाल्या. याला डंपिंग म्हणतात. साखर लहान आतड्यात एकदम उतरली की होतं, बायपासमध्ये जास्त. त्यांच्या बाटलीवर प्रोटीन ८ ग्रॅम आणि साखर २६ ग्रॅम होती. तेव्हापासून लेबलवर माझी नजर प्रोटीननंतर थेट साखरेवर जाते. पाच ग्रॅमच्या वर असली तर मी ती बाटली ठेवून देते.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण काकूंच्या बाबतीत ती थोडक्यात हुकली होती. सारखी उलटी होत असेल, पाणीही टिकत नसेल, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. शरीरातला थायमिनचा, म्हणजे ब-१ चा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो, आणि तो संपला की मेंदूवर परिणाम होतो. अशा वेळी पावडर बदलून भागत नाही. सरळ दवाखान्यात फोन करायचा.

पाचव्या आठवड्यापासून मऊ अन्न सुरू झालं आणि शेकचं महत्त्व उतरू लागलं. अंडं, दही, मऊ शिजवलेला मासा. आधी ताटातलं प्रोटीन, मग जागा उरली तर बाकीचं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबायचं. शेकही पेयच, त्यालाही तोच नियम, हे मी दोनदा विसरले आणि दोन्ही वेळा जेवण वर आलं. गोळ्यांचंही वेळापत्रक जमवावं लागलं. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचं अंतर हवं आणि दुधाच्या शेकमध्ये कॅल्शियम असतंच. म्हणून माझी लोहाची गोळी रात्री झोपताना, शेकपासून लांब.

तिसऱ्या महिन्याच्या रक्ततपासणीत अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन, व्यवस्थित आलं आणि मी हवेत होते. सर्जन म्हणाले, हे हळू बदलतं, यावरून गेल्या आठवड्यात काय खाल्लंत ते कळत नाही. वही दाखवा. वही पाहून मात्र समाधानाने मान हलवली.

मग केस गळायला लागले. चौथ्या महिन्यात, ओंजळीने. न्हाणीघराची जाळी साफ करताना हात थरथरायचा. मला वाटलं प्रोटीन कमी पडलं, म्हणून दोन दिवस शेक वाढवला आणि बद्धकोष्ठ झाला. डॉक्टरांनी समजावलं की ऑपरेशनचा ताण आणि भराभर उतरणारं वजन यांनी बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि तीनेक महिन्यांनी गळतात. प्रोटीन, लोह, जस्त कमी असेल तर भर पडते, माझं तसं काही नव्हतं. थांबायचं. एका मैत्रिणीने बायोटिनच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा, जास्त बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयाच्या ट्रोपोनिनच्या तपासण्या चुकीच्या येऊ शकतात. सातव्या महिन्यात कपाळाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे नवे केस उभे राहिले. ते बसवता बसत नाहीत, आणि मला चालतं.

आता दिवसाला एकच शेक, सकाळी. कोमट कॉफीत बिनचवीचं आयसोलेट, आधी गार पाण्यात कालवून. बाकीचं ताटातून येतं आणि बेरीज ७० च्या आसपास जाते. एखाद्या दिवशी ५५ होते, तेव्हा दुसऱ्या दिवशी ती भरून काढायला मी जात नाही.

सहाव्या महिन्यात मी चॉकलेटचा डबा पुन्हा उघडून पाहिला. चव बरीचशी परतली होती, पण पहिल्यासारखी आवडली नाही. तो आणि त्याचा सील न फोडलेला भाऊ, दोन्ही भाच्याने नेले. व्हॅनिला कोणी घेईना. एके रविवारी नवऱ्याने तो रिकामा करून धुतला आणि त्यात कपडे धुवायची पावडर भरली. निळा चमचा आतच आहे, आणि टोपण उघडलं की अजूनही बाहुलीच्या केसांचा वास येतो.